एका सम्पवर चार मरीन टाक्या: पाइपिंग कोणत्या क्रमाने करायचे

खाऱ्या पाण्यातले मासे ठेवायच्या चार टाक्यांना चार वेगळे फिल्टर, चार हीटर आणि चार स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारे यंत्र) लावण्यापेक्षा खाली एकच मोठा सम्प, म्हणजे सगळ्यांचे पाणी येऊन मिळणारी सामाईक टाकी ठेवावी, हा विचार बरोबर आहे. गडबड होते ती क्रमात. लोक आधी टाक्या आणतात, मग पंप, मग जागा मिळेल तसा पाइप फिरवतात. लाईट गेल्यावर वरचे पाणी कुठे जाईल, हा प्रश्न पडतो तेव्हा हॉलमध्ये पोछा मारायची वेळ आलेली असते. मराठवाड्यात लाईट जाणार हे गृहीतच धरायचे असते. म्हणून आपल्याकडे हे काम उलट्या टोकाने करावे लागते: पंप बंद असताना काय होईल ते आधी ठरवायचे, चालू असतानाचे नंतर.

पूर्ण लेखात एकच उदाहरण घेतो. ९० × ४५ × ४५ सेंमीच्या चार टाक्या, लोखंडी रॅकवर दोन वर आणि दोन खाली. सर्वांत खाली जमिनीलगत १२० × ४५ × ४५ सेंमीचा सम्प. तुमची मापे वेगळी असली तर आकडे बदला, क्रम बदलू नका.

टप्पा १: कागदावरचा हिशोब

पंप बंद झाला की दोन वाटांनी पाणी खाली येते. पहिली वाट ओव्हरफ्लोची, म्हणजे जिच्यावरून टाकीतले जास्तीचे पाणी सम्पकडे पडते त्या कडेची. कडेवरून वाहणारा पाण्याचा थर कडेपर्यंत उतरतो आणि थांबतो. दुसरी वाट रिटर्न पाइपची, म्हणजे पंपाचे पाणी सम्पमधून वर टाकीत नेणाऱ्या पाइपची. पंप थांबताच तोच पाइप उलटा सायफन होतो आणि त्याच्या टाकीतल्या टोकाच्या, म्हणजे नोझलच्या तोंडात हवा शिरेपर्यंत टाकीतले पाणी खाली ओढत राहतो. नोझल पाण्यात दहा सेंमी बुडवलेले असेल, तर चारही टाक्यांतले दहा-दहा सेंमी पाणी सम्पमध्ये येणार.

आपल्या टाकीत १ सेंमी उंचीचे पाणी म्हणजे ९० × ४५ × १ = ४,०५० घनसेंमी, म्हणजे साधारण ४ लिटर. नोझल पृष्ठभागाच्या जवळ ठेवून पातळी एकूण ३ सेंमी उतरू दिली, तर एका टाकीतून १२ लिटर आणि चार टाक्यांतून जवळपास ४९ लिटर येतील. ओव्हरफ्लोच्या कप्प्यांतले आणि पाइपांतले पाणी वेगळे. एक इंची पाइपात मीटरला सुमारे अर्धा लिटर मावते. ते धरून ६२ लिटर होतात असे समजा. वर पाव हिस्सा सोडून ७८ लिटर पकडा.

सम्पमध्ये १ सेंमी म्हणजे ५.४ लिटर. ७८ लिटरला साडेचौदा सेंमी मोकळी उंची लागते. पाणी चालू अवस्थेत २५ सेंमीवर ठेवले तर बंद झाल्यावर ते चाळीसच्या आसपास जाईल. सम्प ४५ चा आहे, म्हणजे जमले. तुमच्या हिशोबात जमत नसेल तर सम्प मोठा घ्या किंवा चालू पातळी कमी करा. नोझल आणखी वर घेऊनही फरक पडतो. पुढच्या टप्प्यांतली कुठलीही युक्ती हे गणित भरून काढत नाही.

> तपासा: हा हिशोब लिहिलेला कागद रॅकला चिकटवा. पुढे मोठा स्किमर किंवा पाचवी टाकी जोडायची हुक्की येईल तेव्हा आधी तो कागद वाचा.

वजनही याच कागदावर मांडा. भरलेली एक टाकी काच आणि दगड धरून दोनशे किलोच्या वर जाते. चार टाक्या, सम्प आणि रॅक मिळून भार टनाच्या घरात पोचतो. तळमजल्यावर शहाबादी फरशी पक्क्या भरावावर असेल तर अडचण नाही, फक्त फरशीचा उतार स्पिरिट लेव्हलने बघून पायांखाली पट्ट्या द्या. स्लॅबवर ठेवायचे असेल तर भिंतीलगत, बीमच्या जवळ ठेवा आणि इंजिनिअरला दाखवा. जुन्या माळवदाच्या घरात वरच्या मजल्यावर हे काम करूच नका.

टप्पा २: सामान घेताना

इथे सर्वांत जास्त पैसे वाया जातात, कारण आपल्याकडे पाइपांची दुकाने शेतीच्या हिशोबाने भरलेली असतात.

शेतीच्या पाइपलाईनचा ३२ एमएम पाइप आणि घरगुती प्लंबिंगचा एक इंची यूपीव्हीसी पाइप या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिल्याचा बाहेरचा व्यास ३२ मिमी, दुसऱ्याचा ३३.४ मिमी. दुकानदार दोन्हींना ‘एक इंची’ म्हणतो. ३२ चा पाइप एक इंची एल्बोत सैल बसतो, सोल्युशन जाड लावले की तात्पुरता चिकटतो आणि काही आठवड्यांनी पाझरायला लागतो. दुधी-पिवळट सीपीव्हीसीचे माप तिसरेच: एक इंचीचा व्यास २८.६ मिमी. तिन्हींतले एकच घराणे निवडा आणि पाइप, एल्बो, टी, युनियन (हाताने फिरवून सोडवता येणारा जोड), बॉल व्हॉल्व्ह, टँक निपल (काचेच्या भोकात बसणारा जोड) सगळे त्याच घराण्यातले घ्या. माझी निवड प्लंबिंगचा यूपीव्हीसी, शेड्यूल ४० किंवा ८० (हे पाइपाच्या जाडीचे वर्ग). इथे दाब नगण्य असतो, त्यामुळे ८० चा हट्ट नको. हट्ट धरायचाच तर युनियनचा धरा. प्रत्येक पंपाला एक आणि प्रत्येक टाकीच्या दोन्ही लाईनींवर एक-एक युनियन हवे. युनियन नसेल तर साफसफाईच्या दिवशी करवत हातात घ्यावी लागते.

घेऊ नका अशा गोष्टी:

- पितळी बॉल व्हॉल्व्ह, पितळी निपल, पितळी चाकाचा गेट व्हॉल्व्ह. पितळेतले तांबे खाऱ्या पाण्यात सुटते. कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ त्याने मरतात.
- जीआय पाइप आणि लोखंडी क्लॅम्प. प्लॅस्टिकच्या क्लिपा मिळतात.
- आट्यांवर लावायचा सफेदा आणि धागा. प्लंबर सवयीने लावायला जातो, त्याला आधीच सांगा. आट्यांवर फक्त टेफ्लॉन टेप.
- कूलरचा पंप किंवा घरातली पाणी चढवायची मोटर. कूलरचा पंप एवढी उंची गाठत नाही आणि मिठात चोवीस तास चालण्यासाठी तो बनलेलाच नाही. मोटरीत ओतीव लोखंड आणि पितळ असते.
- एमआयडीसीच्या भंगारातून आलेले निळे ड्रम. त्यात आधी कोणते केमिकल होते हे विकणाऱ्यालाही माहीत नसते. पाणी साठवायला नवा, खाद्यपदार्थांसाठीचा ड्रम घ्या.

पंप निवडताना खोक्यावरचा मोठा आकडा बघू नका. तो शून्य उंचीवरचा असतो. आपल्याला सम्पमधून टाकीच्या पाण्याच्या चौपट पाणी तासाला फिरवायचे आहे. टाकीत निव्वळ १६० लिटर धरले तर टाकीमागे ६५० लिटर, चार टाक्यांना २,६०० लिटर. बाकीचा प्रवाह टाकीतला वेव्हमेकर (आतले पाणी हलवत ठेवणारा लहान पंप) देतो, तो रिटर्न पंपाकडून मागू नये. सम्पच्या पाण्यापासून वरच्या टाकीच्या नोझलपर्यंतची उंची १.७ मीटर असेल, तर एल्बो, टी आणि व्हॉल्व्हचा अडथळा धरून सव्वादोन ते अडीच मीटर पकडा. पंपाच्या आलेखावर त्या उंचीला किती पाणी येते ते वाचा.

एक मोठा पंप की दोन लहान? मी दोन म्हणेन: एक वरच्या जोडीला, एक खालच्या जोडीला. खर्च थोडा वाढतो. बदल्यात एक पंप बंद पडला तरी निम्म्या टाक्या चालू राहतात, आणि वर-खालच्या पाण्याचा तोल साधायची कटकट जवळपास संपते. एकाच पंपावर वरच्या-खालच्या टाक्या जोडल्या की शेतातल्या पाइपलाईनसारखेच होते. उताराकडचा कॉक पूर्ण उघडा राहिला तर चढावरच्या कॉकला पाणी पोचत नाही.

टप्पा ३: रॅक, टाक्या आणि भोके

रॅक फॅब्रिकेटरकडून करून घेताना दोन गोष्टी लिहून द्या. खालच्या टाकीचा तळ सम्पच्या काठापेक्षा किमान ३० सेंमी वर हवा, नाहीतर फिल्टर सॉक (गाळ अडवणारी कापडी पिशवी) बदलायला हात जाणार नाही आणि स्किमरचा कप उचलता येणार नाही. दुसरे, वेल्डिंगनंतर सगळीकडे इपॉक्सी रंग किंवा पावडर कोटिंग हवे, सांध्यांच्या आतल्या बाजूंसह. मीठ उडते आणि गंज सांध्यातूनच सुरू होतो. टाकीखाली प्लाय आणि त्यावर थर्माकोलची पातळ शीट घाला.

भोके टाकी चिकटवण्याआधी पाडून घ्यायची. प्रत्येक टाकीला तीन: मुख्य ड्रेन, आणीबाणीचा ड्रेन आणि रिटर्न. रिटर्न काठावरून आत सोडणार असाल तर दोन पुरेत. काचवाल्याकडे जाताना टँक निपल सोबत न्या आणि भोकाचे माप त्याच्या आट्यांवरून घ्यायला सांगा. ‘एक इंची भोक’ असे सांगितले तर तो अक्षरशः एक इंची पाडेल आणि निपल आत जाणार नाही. भोकाचा व्यास जेवढा, किमान तेवढे अंतर काचेच्या कडेपासून ठेवा. टफन्ड काच चालत नाही, भोक पाडताना तिचा चुरा होतो.

निपलचा रबर वायसर काचेच्या ज्या बाजूला चाकी येते तिच्या विरुद्ध, म्हणजे फ्लँजखाली बसतो. हाताने घट्ट करून वर पाव आटा, बस. पान्याने आवळले की काचेला तडा जातो, आणि तो बहुधा पाणी भरल्यावरच दिसतो.

टप्पा ४: ड्रेन लाईन

ड्रेनमध्ये पाणी फक्त उतारामुळे वाहते, त्यामुळे इथे पाइप मोठा आणि वळणे कमी हवीत. तासाला ६५० लिटरला एक इंची ड्रेन आरामात पुरतो. त्याच पाइपातून हजाराच्या पुढे ढकलायला गेलात तर गुळगुळ आवाज सुरू होतो आणि पातळी वर-खाली होऊ लागते.

१. प्रत्येक टाकीचा मुख्य ड्रेन स्वतंत्रपणे सम्पपर्यंत आणा. जागा नसेल तर चारही ड्रेन दोन इंची आडव्या पाइपात सोडा. त्याला मीटरमागे एक-दोन सेंमी उतार द्या आणि वरच्या टोकाला हवेसाठी उघडा उभा पाइप ठेवा. चार एक इंची ड्रेन एका एक इंची पाइपात घालणे ही मला सर्वांत जास्त वेळा दिसलेली चूक आहे.

२. वरच्या टाकीचा ड्रेन खालच्या टाकीच्या ड्रेनमध्ये जोडू नका. पुढे पाइप तुंबला तर वरचे पाणी खालच्या टाकीतून वर येते.

३. आणीबाणीचा ड्रेन मुख्यपेक्षा दीड-दोन सेंमी उंच तोंडाचा ठेवा. तो एरवी कोरडा असतो आणि कोणत्याही दुसऱ्या लाईनीत न मिळता थेट सम्पमध्ये पाण्याच्या वर उघडतो. त्यात पाणी पडल्याचा आवाज आला की मुख्य ड्रेन तुंबला हे समजते. त्यावर व्हॉल्व्ह लावायचा नाही.

४. काटकोनी एल्बोऐवजी ४५ अंशांचे दोन एल्बो वापरा.

५. ड्रेनचे खालचे टोक सम्पच्या पाण्यात फक्त दोन-तीन सेंमी बुडवा. खोल बुडवले तर पाइपातली हवा बाहेर पडू शकत नाही.

६. ओव्हरफ्लोच्या तोंडाला दातेरी कड किंवा जाळी लावा. क्लाउनफिशची पिल्ले सम्पमध्ये पोचायला वेळ लागत नाही.

> सावध: पाणी जास्त येते म्हणून ड्रेनचा व्हॉल्व्ह आवळायचा नाही. प्रवाह कमी-जास्त करायचा तो नेहमी रिटर्नच्या बाजूने. मुद्दाम पूर्ण सायफनवर चालवलेल्या ड्रेनची रचना वेगळी असते. ती चार टाक्यांवर पहिल्याच फटक्यात करू नये.

टप्पा ५: सम्पचे कप्पे

क्रम असा: फिल्टर सॉक, मग स्किमर, मग सिरॅमिक मीडिया (उपयोगी जिवाणू वाढायला ठेवलेले सच्छिद्र तुकडे) किंवा दगड, मग बुडबुडे अडवणाऱ्या तीन पट्ट्या आणि शेवटी रिटर्न पंपाचा कप्पा. पट्ट्यांमध्ये अडीच-तीन सेंमी अंतर ठेवा. स्किमरच्या कप्प्याची पातळी पट्टीच्या उंचीने कायम राहते, आणि तुमच्या स्किमरला किती खोल पाणी लागते त्यावरून ती पट्टी कापायची. स्किमर आधी निवडा, पट्टी नंतर कापा.

बाष्पीभवनाने पातळी उतरते ती फक्त शेवटच्या कप्प्यात. म्हणून हीटर तिथे ठेवू नका. पाणी उतरले की तो उघडा पडतो आणि तडकतो. हीटर स्किमरच्या कप्प्यात ठेवा, आणि एक मोठा घेण्यापेक्षा दोन लहान घ्या. त्यातला एक चालू अवस्थेत अडकला तरी चारही टाक्या उकळत नाहीत.

रिटर्नचा कप्पा लहान ठेवण्याला एक कारण आहे. समजा एका टाकीचे दोन्ही ड्रेन तुंबले. इतर तीन टाक्यांचे पाणी परत येत राहील, पण या चौथीत गेलेले येणार नाही. शेवटी पंपाच्या तोंडापर्यंतचे सगळे पाणी त्या एका टाकीत जमा होईल. कप्पा २५ × ४५ सेंमीचा आणि पंपाच्या वर १५ सेंमी पाणी असेल तर ते १७ लिटर होते. टाकीत पाण्याच्या वर ५ सेंमी मोकळा काठ असेल तर २० लिटर मावतात. म्हणजे वाचलो. कप्पा दुप्पट केला असता तर पाणी फरशीवर आले असते.

आटलेले पाणी आपोआप भरणारी यंत्रणा लावली तर तिची नळी सम्पच्या पाण्यात बुडवू नका, वरून ठिबकू द्या. गोड्या पाण्याचा ड्रम सम्पपेक्षा उंच असेल आणि नळीचे टोक पाण्यात असेल, तर तोही सायफन होतो आणि रात्रीत सगळी खारटपणाची पातळी घसरते.

टप्पा ६: रिटर्न लाईन

पंपावर युनियन, मग उभा पाइप, मग टीने फाटे आणि प्रत्येक फाट्यावर एक पीव्हीसी बॉल व्हॉल्व्ह. एक फाटा जास्तीचा काढून टोपी लावून ठेवा. पुढे यूव्ही (पाण्यातले जंतू मारणारा दिवा) जोडायला किंवा पाणी बदलताना नळी लावायला तो कामाला येतो.

नोझल पृष्ठभागाखाली दीड-दोन सेंमीवर. त्याशिवाय पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली, पाइपाला ४ मिमीचे भोक पाडा. पातळी उतरताच त्यातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. चालू असताना त्यातून बारीक धार उडेल, ती टाकीच्या आत, खालच्या दिशेने यावी असे भोक फिरवा.

नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) लावला की निश्चिंत, असे कोणी सांगितले तर ऐकू नका. खाऱ्या पाण्यात त्याच्या झडपेवर चुन्याचा थर बसतो, बारीक गोगलगाय अडकते, आणि नेमक्या गरजेच्या वेळी तो पूर्ण बंद होत नाही. अनेक टाक्यांच्या रचनेत तर आणखी एक गंमत आहे. एकाच पंपावर वरच्या-खालच्या टाक्या असतील आणि व्हॉल्व्हने सम्पची वाट अडवली, तर वरच्या टाकीचे पाणी फाट्यातून खालच्या टाकीत सायफन होते. हवेचे भोक असेल तर ते दोन-तीन सेंमीवर थांबते. भोक नसेल तर खालच्या टाकीच्या ड्रेनवर सगळा भार. व्हॉल्व्ह लावायचा तर लावा, पण टप्पा १ चा हिशोब तो नाही असे धरूनच करा.

टप्पा ७: सुके जोडकाम, मग चिकटवणे

सगळी लाईन आधी सोल्युशनशिवाय जोडा. प्रत्येक सांध्यावर मार्करने पाइप आणि फिटिंग दोन्हींवर एक सरळ रेघ ओढा. युनियन फिरवायला हात जातो का, व्हॉल्व्हची मूठ रॅकला अडते का, टाकी न हलवता पंप निघतो का, हे आताच बघा. मग एका टोकापासून एकेक सांधा सोडवून चिकटवत जा.

कापलेल्या टोकाचा बुरा कानशीने काढा. पाइपावर आणि फिटिंगमध्ये सोल्युशनचा पातळ थर लावा, पाव फेरा फिरवत रेघेवर आणा, अर्धा मिनिट दाबून धरा. एप्रिल-मेमध्ये दुपारी हे काम करू नका. चाळीसच्या वर तापमानात सोल्युशन ब्रशवरच सुकते, वरून साय धरते आणि सांधा आत बसण्याआधीच अडकतो. पहाटे किंवा रात्री करा. २४ तास पाणी सोडायचे नाही.

टप्पा ८: साध्या पाण्यावर चाचणी

मीठ अजून पोत्यातच राहू द्या. बोअरच्या पाण्याने टाक्या भरा. चाचणीनंतर हे पाणी झाडांना घालता येते, मिठाचे घालता येत नाही.

१. पंप बंद ठेवून टाक्या ओव्हरफ्लोच्या कडेपर्यंत भरा. सम्प काठाच्या चार-पाच सेंमी खालीपर्यंत भरा.

२. पंप चालू करा. सम्पची पातळी उतरून जिथे स्थिरावेल तिथे रिटर्नच्या कप्प्यावर पक्क्या टेपची रेघ मारा. चालू अवस्थेत या रेघेच्या वर कधीही पाणी भरायचे नाही. घरातल्या सगळ्यांना ही रेघ दाखवा, कारण पाणी कमी दिसले म्हणून बादली ओतणारे कुणीतरी असतेच.

३. पंप बंद करा. शेवटचा थेंब पडेपर्यंत, साधारण १५ मिनिटे थांबा. पाणी काठाच्या खाली राहिले का? पुन्हा चालू करा, पुन्हा बंद करा. निदान तीनदा.

४. चालू असताना एकेका टाकीचा मुख्य ड्रेन कापडाच्या बोळ्याने बंद करा. आणीबाणीच्या ड्रेनने एकट्याने सगळे पाणी नेले पाहिजे.

५. प्रवाह मोजा. ड्रेनच्या खालच्या टोकाचा तुकडा काढून १० लिटरची बादली धरा. ६५० लिटरच्या प्रवाहाला ती साधारण ५५ सेकंदांत भरते. सर्वांत वरच्या आणि लांबच्या टाकीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवा आणि इतरांचे थोडे-थोडे आवळत तोल आणा. जमल्यावर मुठींच्या जागेवर खूण करा.

६. प्रत्येक सांध्याखाली वर्तमानपत्र पसरून एक दिवस चालवा. ओला डाग कागदावर लगेच दिसतो.

> सावध: तिसऱ्या पायरीत पाणी काठाला टेकले तर थोडेसे पाणी काढून पुढे जाऊ नका. कोणते नोझल खोल आहे, कोणते हवेचे भोक चुकले आहे ते शोधा.

टप्पा ९: वीज

या लाईनला ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच) हवाच. शक्य असेल तर दोन: एकावर पंप, दुसऱ्यावर हीटर. तडकलेला हीटर हा गळतीचा नेहमीचा आरोपी असतो, आणि त्याच्यामुळे ट्रिप झाले तर पंपही थांबू नयेत. अर्थिंग आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात अधूनमधून पाणी घाला. बोर्ड सम्पच्या वर किंवा खाली नको, बाजूच्या भिंतीवर हवा. प्रत्येक वायर प्लगकडे जाण्याआधी खाली झोल देऊन वर न्या, म्हणजे ओघळ प्लगमध्ये जाणार नाही.

इन्व्हर्टरवर आधी वेव्हमेकर, मग रिटर्न पंप. हीटर आणि चिलर नको, बॅटरी तासाभरात बसेल. इन्व्हर्टर साइन वेव्हचा घ्या. स्क्वेअर वेव्हवर एसी पंप गुणगुणतात आणि तापतात.

टप्पा १०: पाणी, मीठ आणि ऊन

चार टाक्या आणि सम्प मिळून अंदाजे ७०० लिटर धरा. बोअरचे किंवा टँकरचे पाणी थेट वापरता येत नाही. आरओनंतर डीआयचे (उरलेले क्षार काढणारे) भांडे लावून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, शून्यावर आणा. घरातल्या पिण्याच्या आरओला टीडीएस वाढवणारा स्क्रू किंवा मिनरलचे भांडे असते. तेच पाणी वापरायचे असेल तर ते आधी बाजूला करा. साध्या आरओत एक लिटर चांगल्या पाण्यामागे तीनेक लिटर वाया जाते. ७०० लिटरला दोन हजार. लातूर-बीडकडे मेमध्ये हे परवडत नाही, म्हणून नवी सिस्टीम दसरा-दिवाळीच्या सुमारास भरावी असे माझे मत आहे. वाया जाणारे पाणी संडास-फरशीला साठवा.

मीठ मरीन टँकचेच, लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम, म्हणजे एकूण २५ किलोच्या आसपास. ड्रममध्ये पंप लावून विरघळवा, टाकीत पोते रिकामे करू नका. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचे उपकरण) ३५ पीपीटीच्या, म्हणजे हजार भागांत ३५ भाग मिठाच्या द्रावणावर जुळवून विशिष्ट गुरुत्व १.०२५ आणा. रोज एक-दोन टक्के पाणी आटते, आणि कोरड्या उन्हाळ्यात त्याहून जास्त. मीठ आटत नाही, म्हणून भरायचे ते नेहमी गोडे डीआय पाणी.

तापमान २५ ते २७ अंश ठेवायचे आहे. सम्पवर आडवा लावलेला लहान पंखा आपल्या कोरड्या एप्रिलमध्ये पाणी दोन-तीन अंशांनी उतरवतो. त्याच खोलीत कूलर लावला तर हवा दमट होते आणि पंख्याचा परिणाम घटतो. जुलैतही तेच. प्रवाळ ठेवायचे असतील तर चिलर लागतोच. त्याला सम्पमधून स्वतंत्र पंप द्या, रिटर्नच्या फाट्यावर टांगू नका, आणि त्याची गरम हवा खोलीबाहेर काढा. हिवाळ्याकडेही लक्ष असू द्या. परभणीत डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो.

दगड कोरडाच आणा. भारताच्या किनाऱ्यावरचे प्रवाळ आणि समुद्रघोडे वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. ‘ओळखीतून’ मिळणाऱ्या मालाच्या नादी लागू नका.

टप्पा ११: मासे सोडण्याआधी

माशांना घातक असलेले अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर यायला चार ते सहा आठवडे लागतात. चारही टाक्यांचे पाणी एक असल्यामुळे चाचणी कुठल्याही एका टाकीत केली तरी चालते. पण म्हणूनच रोगही एकाच टाकीत राहत नाही. पांढऱ्या ठिपक्यांचा क्रिप्टोकॅरियन एका टाकीत दिसला, तर चारही टाक्यांत पोचला असे समजा. यूव्हीने पाण्यातले परजीवी कमी होतात, पण माशांवरचे आणि वाळूतले तसेच राहतात. सामाईक पाण्यात तांब्याचे औषध घालता येत नाही, कारण दगड आणि मीडिया ते शोषतात आणि बिनकण्याचे जीव मरतात.

म्हणून क्वारंटाइनची टाकी या पाइपिंगला जोडायची नाही. तिची जाळी, नळी, बादली, सगळे वेगळे, आणि शक्य झाल्यास खोलीही वेगळी.

एखादी टाकी तात्पुरती तोडायची असेल तर फक्त तिचा रिटर्न व्हॉल्व्ह बंद करा. वरून पाणी येणे थांबले की ड्रेन आपोआप थांबतो. त्या टाकीत लगेच वेव्हमेकर आणि वेगळा हीटर चालू करा, कारण तिचा हीटर आता सम्पमध्ये, दुसऱ्यांकडे आहे. तिच्या वाट्याचे पाणी त्याच पंपावरच्या दुसऱ्या टाकीकडे (एकच पंप असेल तर इतर तिन्हींकडे) वळते, तेव्हा तिथली पातळी बघून पंप थोडा कमी करा.

पुढचा सांभाळ थोडका आहे. फिल्टर सॉक तीन-चार दिवसांनी बदला. व्हॉल्व्ह महिन्यातून एकदा पूर्ण फिरवून पुन्हा खुणेवर आणा, नाहीतर मिठाने ते जाम होतात. पाणी बदलण्याच्या दिवशी प्रत्येक नोझलजवळचे ४ मिमीचे भोक दाभणाने साफ करा, पंप बंद करून सम्पचे पाणी कुठवर चढते ते बघा, आणि मगच नवे पाणी भरा.